नवा फ्रिज थंड होत नाही? उष्णता कुठे अडली ते असं शोधा

नवा फ्रिज घरात येतो. आतला दिवा लागतो, दारावरचे आकडे चमकतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी मात्र ठेवली तशीच कोमट. दुकानदाराला फोन केला तर तो सांगतो, "दोन-तीन दिवस चालू द्या, होईल थंड." शेजारचे काका सांगतात, "यात गॅसच नाही, परत पाठवा." दोघांनीही फ्रिजला हात लावून पाहिलेलं नसतं.

नव्या फ्रिजच्या बाबतीत घाई आणि ढिलाई, दोन्ही महागात पडतात. घाई केली तर नुसत्या डेमो मोडमध्ये (शोरूममध्ये दाखवण्यापुरते दिवे चालू, कॉम्प्रेसर बंद) अडकलेल्या धडधाकट फ्रिजसाठी टेक्निशियनची वाट पाहत बसावं लागतं. ढिलाई केली तर बदलून देण्याची मुदत निघून जाते आणि खराब निघालेला फ्रिज दुरुस्तीच्या रांगेत जाऊन बसतो. ही मुदत बऱ्याच ठिकाणी जेमतेम आठवडा-दहा दिवसांची असते. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांतच दोष आपल्या बाजूचा की कंपनीच्या बाजूचा, हे ठरवायचं. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर हातात न घेता ते ठरवता येतं.

त्यासाठी एकच गोष्ट समजून घ्यायची. फ्रिज गारवा 'तयार' करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. दाबलेला गरम गॅस बाजूच्या किंवा पाठीमागच्या नळ्यांतून फिरताना उष्णता खोलीत सोडतो आणि त्याचा द्रव होतो. हा द्रव कॅपिलरी नावाच्या अतिशय बारीक नळीतून पुढे जातो, फ्रीझरच्या नळ्यांत पोचतो, तिथे उकळतो आणि उकळताना आतली उष्णता शोषून घेतो. मग पुन्हा कॉम्प्रेसर. या वाटेवर उष्णता कुठे अडली ते शोधायचं. प्रश्न चारच आणि ते याच क्रमानं विचारायचे: कॉम्प्रेसर चालतो का? बाहेर उष्णता पडते का? फ्रीझर गार होतो का? आणि फ्रीझरचा गारवा खालच्या कप्प्यात पोचतो का?

प्लग लावण्याआधी

टेम्पोवाल्याला किंवा वर चढवणाऱ्या माणसांना विचारा: फ्रिज उभा आणला की आडवा? जुन्या इमारतीचा अरुंद जिना असेल किंवा लिफ्ट छोटी असेल तर आडवा केलेला असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं. फ्रिज आडवा झाला की ते नळ्यांत शिरतं आणि परत खाली उतरायला वेळ लागतो. उभा आणलेला फ्रिज दोन ते चार तास तसाच ठेवून मग चालू करावा. आडवा आणला असेल तर निदान रात्रभर, शक्य असेल तर चोवीस तास थांबावं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत याहून वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका खरी धरा.

या वेळात पॅकिंग नीट काढा. खालचा थर्माकोलचा पाट बऱ्याच घरांत "फरशीला ओरखडे नकोत" म्हणून तसाच राहतो. त्यानं कॉम्प्रेसरच्या खालून जाणारी हवा अडते, तो काढायलाच हवा. आतल्या ट्रेवरच्या चिकटपट्ट्या, दाराच्या रबरावरचं प्लास्टिक, फ्रीझरच्या मागच्या जाळीसमोर अडकलेला फोमचा तुकडा, सगळं काढा. खोका मात्र टाकू नका. बदली मागायची वेळ आली तर तो लागू शकतो.

फ्रिजचे पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे दार अर्धवट सोडलं तरी आपोआप मिटतं. आणि प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. मिक्सर, ओव्हन आणि फ्रिज एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले की ढिल्या पिना, तापलेली वायर आणि बंद पडणारा फ्रिज हे ठरलेलं. पिन बसत नाही म्हणून अर्थिंगची जाड पिन कापायची नाही. त्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घ्या.

पहिले चोवीस तास आणि एक थर्मामीटर

फ्रिज रिकामा चालू करा. खोलीच्या तापमानाला असलेलं सगळं सामान पहिल्याच तासात भरलं तर ते थंड करण्यातच त्याचा दिवस जातो आणि दोष आहे की नाही हे कळत नाही. चालू केल्यावर तासा-दोन तासांत फ्रीझरमध्ये हात घातला तर स्पष्ट गारवा जाणवला पाहिजे. खालचा कप्पा पुरेसा गार व्हायला आणखी काही तास लागतात. सगळं स्थिर व्हायला चोवीस तासांपर्यंत मुदत द्यावी, मे महिन्यात तर पूर्ण द्यावी. त्याहून जास्त मात्र देऊ नका. "तीन दिवसांनी होईल" या म्हणण्याला तांत्रिक आधार नाही.

हात लावून "जरा गार वाटतंय" हे मोजमाप नव्हे. स्वयंपाकघरात वापरायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही, तो साधारण ३५ अंशांच्या पुढचंच मोजतो. पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून तो पेला मधल्या ट्रेवर रात्रभर ठेवा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं चटकन बदलत नाही. सकाळी दार उघडून लगेच वाचा. ३ ते ५ अंश सेल्सिअस असेल तर खालचा कप्पा ठीक आहे. ८-१० असेल तर पुढच्या तपासण्या करायच्या. १५-२० असेल तर फ्रिज थंड होत नाही, असं ठामपणे म्हणता येतं.

फ्रीझर उणे १८ च्या आसपास असायला हवा. "बर्फ होतोय की, मग काय बिघडलंय?" असं पुष्कळदा ऐकू येतं. पण पाणी शून्यालाच गोठतं, त्यामुळे उणे ४ अंशांवर रखडलेल्या फ्रीझरमध्येही रात्रभरात बर्फ होतो. आइस्क्रीम ठेवून पाहा. बर्फ दगडासारखा आणि आइस्क्रीम मात्र चमचा सहज रुतेल इतकं मऊ राहत असेल, तर फ्रीझर पुरेसा थंड नाही.

दारावरच्या आकड्यावरही भिस्त ठेवू नका. अनेक मॉडेलमध्ये तिथे तुम्ही ठरवलेलं तापमान दिसतं, आतलं खरं तापमान नव्हे.

दिवा लागतो, पण कॉम्प्रेसर गप्प

सगळ्यात आधी कॉम्प्रेसर खरोखर बंद आहे का ते बघा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणारा, इतका हळू आणि शांत चालतो की जुन्या फ्रिजच्या घरघरीची सवय असलेल्या माणसाला तो बंदच वाटतो. फ्रिजच्या पाठीमागे खालच्या बाजूच्या पत्र्यावर बाहेरून तळहात टेकवा. बारीक थरथर आणि ऊब जाणवली तर तो चालू आहे. मग पुढच्या भागाकडे जा. काहीच जाणवत नसेल तर कारणं इथे आहेत.

*डेमो मोड.* शोरूममध्ये ठेवलेल्या फ्रिजचे दिवे आणि पॅनेल चालू, पण कॉम्प्रेसर बंद, अशी सोय डिजिटल पॅनेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये असते. दिवसभर दारं उघडून दाखवायची, वीज मात्र जाळायची नाही, हा त्यामागचा हेतू. असा डिस्प्लेचा फ्रिज कधी घरी येतो, तर कधी घरातलंच कोणी पॅनेलशी खेळताना नेमकी दोन बटणं एकदम दाबून ठेवतं. काही कंपन्यांच्या पॅनेलवर अशा वेळी 'ऑफ' अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, काहींवर वेगळं चिन्ह. दोन ठरावीक बटणं काही सेकंद एकदम दाबून धरली की यातून बाहेर पडता येतं. ती कोणती, हे मॉडेलगणिक बदलतं. पुस्तिकेत बघा किंवा कंपनीच्या हेल्पलाइनला मॉडेल नंबर सांगून विचारा. मला हे कारण पहिलं तपासावंसं वाटतं, कारण लक्षण अगदी बिघाडासारखं दिसतं आणि इलाज फोनवर पाच मिनिटांत होतो. नुसता प्लग काढून पुन्हा लावल्यानं डेमो मोड जाईलच असं नाही.

*कन्व्हर्टिबल मोड.* हल्लीच्या डबल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरचा साधा फ्रिज करता येतो, एक कप्पा पूर्ण बंद ठेवता येतो, बाहेरगावी जाताना सुट्टीचा मोड लावता येतो. 'फ्रीझरमध्ये बर्फच होत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. पॅनेल नॉर्मल मोडवर आणा आणि पुन्हा पाण्याचा पेला ठेवा.

*सिंगल डोअरचा नॉब.* बिनपॅनेलच्या, म्हणजे डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये गोल नॉब असतो. आकडा जितका मोठा तितका गारवा जास्त. शून्यावर फ्रिज बंद. पुष्कळांना वाटतं की आकडा म्हणजे तापमान, म्हणून ते १ वर ठेवतात आणि मग दूध फाटतं. नव्या फ्रिजमध्ये मधला आकडा ठेवा. नॉबच्या मध्यभागी असलेलं छोटं बटण डीफ्रॉस्टचं असतं. ते दाबलं की बर्फ वितळेपर्यंत कॉम्प्रेसर बंद राहतो. पुसताना चुकून दाबलं गेलं असेल किंवा आत अडकून बसलं असेल तर पाहा.

*व्होल्टेज.* गावाकडे आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत हे कारण नेहमी मनात असू द्या. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. जिथे शेतीपंप आणि घरं एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहेत तिथे पंप चालू होताच दिवे मंदावतात, आणि १७०-१८० व्होल्टवर साधा कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो. लक्षण ओळखता येतं: काही सेकंद 'हूं' असा आवाज, मग 'टक', मग शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. ही टक ओव्हरलोड संरक्षकाची असते. कॉम्प्रेसर जळू नये म्हणून तो वीज तोडतो. रात्री उशिरा किंवा पहाटे व्होल्टेज सुधारल्यावर फ्रिज सुरळीत चालतो का बघा. चालत असेल तर फ्रिज चांगला आहे, त्याला योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर हवा. पूर्ण व्होल्टेज असतानाही 'हूं-टक' थांबत नसेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) किंवा कॉम्प्रेसर सदोष आहे. फ्रिज बंद करा आणि तक्रार नोंदवा, कारण असा तो धडपडत ठेवण्यात काहीच फायदा नाही. 'स्टॅबिलायझरची गरज नाही' असं लिहिलेल्या इन्व्हर्टर फ्रिजलाही व्होल्टेजची एक खालची मर्यादा असते, ती पुस्तिकेत बघून घ्या.

दोन छोट्या गोष्टी. स्टॅबिलायझर वीज आल्यावर साधारण तीन मिनिटं थांबून पुढे वीज सोडतो, त्या काळात फ्रिज बंदच असणार. आणि फ्रॉस्ट फ्री फ्रिज अधूनमधून स्वतःचा बर्फ वितळवतो, तेव्हा अर्ध्या तासापर्यंत कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्ही बंद राहू शकतात. यांना दोष समजू नका.

कॉम्प्रेसर चालतो. बाजू गरम की गार?

ही चाचणी फुकट आहे आणि सगळ्यात बोलकी. कॉम्प्रेसर तासभर सलग चालल्यावर फ्रिजच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंवर हात ठेवा. जुन्या फ्रिजच्या पाठीवर काळी जाळी दिसायची. आता बहुतेक मॉडेलमध्ये त्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेल्या असतात. "नवा फ्रिज बाजूनं तापतो" ही तक्रार घेऊन लोक दुकानात जातात, पण ते तापणं ही चांगली खूण आहे. आतली उष्णता बाहेर येते आहे, असा त्याचा अर्थ. पहिल्या दिवशी तर बाजू चांगल्याच गरम लागतात. दाराच्या चौकटीची कड कोमट लागणंही नेहमीचं, तिथे दव धरू नये म्हणून गरम नळी फिरवलेली असते.

आता उलट स्थिती. कॉम्प्रेसर तासन् तास थरथरतोय, पण बाजू खोलीइतक्याच गार, आणि फ्रीझरमध्येही काही नाही. याचा अर्थ गॅस वाहत नाही: वाहतुकीत कुठे नळी तडकून तो निघून गेला आहे, सांधा कारखान्यातच कच्चा राहिला आहे, किंवा कॅपिलरी तुंबली आहे. सिंगल डोअर फ्रिजमध्ये हे डोळ्यांना दिसतं. फ्रीझरच्या डब्यावर सगळीकडे सारखं हिम धरायला हवं. एकाच कोपऱ्यात वीतभर हिम आणि बाकीचा डबा कोरडा असेल, तर गॅस कमी आहे असं समजा. फ्रॉस्ट फ्रीमध्ये नळ्या पॅनेलमागे असतात, त्यामुळे ते पॅनेल आपण उघडायचं नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. ती बंद साखळी आहे, तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. नव्या फ्रिजमध्ये गॅस कमी असेल तर गळती आहे किंवा भरतानाच चूक झाली आहे. म्हणूनच नुसता 'गॅस मारून देतो' हा इलाज अर्धवट आहे. गळती तशीच राहिली तर महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा याच जागी येता.

फ्रीझर गार, खालचा कप्पा कोमट

फ्रॉस्ट फ्री डबल डोअरमध्ये ही तक्रार सर्वाधिक गोंधळात पाडते. बर्फ कडक होतो, आइस्क्रीम टिकतं, आणि खाली ठेवलेली आमटी सकाळी आंबते. कॉम्प्रेसर आणि गॅस ठीक आहेत, हे इथे आपोआप सिद्ध झालं. अडचण हवेच्या वाटेत आहे.

अशा बऱ्याच फ्रिजमध्ये थंडावा एकाच ठिकाणी, फ्रीझरच्या मागच्या भिंतीआड तयार होतो. तिथला पंखा थंड हवा फ्रीझरमध्ये ढकलतो आणि तिचा काही भाग एका बंद नळीतून खाली पाठवतो. नळीच्या तोंडाशी एक झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. खालच्या कप्प्याला किती हवा द्यायची ते ती ठरवते. पंखा, जाळ्या, डॅम्पर, यांपैकी एक अडलं की खालचा कप्पा उपाशी.

आधी जाळ्या बघा. फ्रीझरच्या मागच्या भिंतीला मटारच्या पिशव्या चिकटून बसल्या आहेत का? खालच्या कप्प्यात मागच्या बाजूला वर ज्या खाचा असतात, त्यांच्यासमोर दुधाचं मोठं पातेलं किंवा इडलीच्या पिठाचा डबा आहे का? हाताच्या दोन-तीन बोटांइतकी जागा मोकळी ठेवा. काचेच्या ट्रेवर प्लास्टिकच्या सुंदर चटया किंवा वर्तमानपत्र अंथरायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्या चटया ट्रेच्या पुढच्या-मागच्या फटीही झाकत असतील तर काढा, कारण हवा त्याच फटींतून खाली उतरते. सिंगल डोअरमध्ये पंखा नसतो, थंड हवा आपल्या वजनानं खाली येते, त्यामुळे तिथे या चटयांचा त्रास आणखी जास्त.

मग पंखा. दार उघडं असताना पुष्कळ मॉडेलमध्ये पंखा मुद्दाम थांबतो, त्यामुळे दार उघडून ऐकण्यात अर्थ नाही. चौकटीत दाराचं बटण असेल तर ते बोटानं दाबून धरा. काही सेकंदांत वाऱ्याचा आवाज यायला हवा आणि फ्रीझरच्या जाळीशी धरलेला पातळ कागद हलायला हवा. बटण दिसत नसेल, चुंबकी सेन्सर असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ चालू करून, फ्लॅश बंद ठेवून, तो आत ठेवा आणि मिनिटभर दार लावा. या व्हिडिओतून दोन गोष्टी कळतात: दार मिटल्यावर दिवा विझतो का, आणि पंख्याचा आवाज येतो का. दिवा विझत नसेल तर फ्रिजला दार कायम उघडंच वाटतंय, म्हणून तो पंखा लावत नाही. दार नीट जुळवल्यानं हे कधीकधी सुटतं, नाहीतर स्विच बदलावा लागतो. व्हिडिओ जपून ठेवा, टेक्निशियनला दाखवायला हाच पुरावा उपयोगी पडतो. मात्र फ्रिज नुकताच चालू केला असेल तर काही मॉडेलमध्ये नळ्या गार होईपर्यंत पंखा मुद्दाम सुरू होत नाही, म्हणून ही तपासणी काही तासांनी करा.

दोन नॉबच्या साध्या डबल डोअरमध्ये एक नॉब प्रत्यक्षात हवेची वाटणी करतो. फ्रीझर पूर्ण 'मॅक्स'वर फिरवला की खाली जाणारी हवा कमी होते. "थंड होत नाही" म्हणून लोक दोन्ही नॉब टोकाला नेतात आणि खालचा कप्पा आणखीच कोमट होतो. दोन्ही मध्यावर आणा, दिवसभर हात लावू नका, मग मोजा.

आणि शेवटी दार. मध्यम जाडीचा कागद दारात अर्धा आत-अर्धा बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. किंचित अडत निघायला हवा. चारही बाजूंना करून बघा. पॅकिंगमध्ये दबलेलं रबर एखाद्या कोपऱ्यात चपटं राहतं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिथे काही मिनिटं धरलं आणि दार दिवसभर नीट मिटलेलं ठेवलं की ते बहुधा पूर्ववत होतं.

जागेचा दोष

नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन करताना फ्रिजसाठी कपाटात अगदी मापात बसणारा कोनाडा करतात. दिसायला छान, पण बाजूंतून निघणारी उष्णता जाणार कुठे? पाठीमागे आणि बाजूंना साधारण ५ ते १० सेंटिमीटर आणि वरही मोकळी जागा हवी. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. सुताराला माप देण्याआधी तो वाचा. शंका असेल तर फ्रिज कोनाड्यातून एक दिवस बाहेर ओढून चालवा. बाहेर तापमान खाली येत असेल तर दोष कोनाड्याचा.

विदर्भातल्या वाचकांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. फ्रिजच्या पाटीवर हवामान वर्ग लिहिलेला असतो. 'टी' म्हणजे उष्ण कटिबंधासाठीचा वर्ग १६ ते ४३ अंशांच्या खोलीसाठी, 'एसटी' ३८ पर्यंत, 'एन' फक्त ३२ पर्यंत. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या वर पारा जातो, आणि पश्चिमेच्या खिडकीजवळचं, पत्र्याखालचं स्वयंपाकघर दुपारी ४३ ओलांडू शकतं. तिथे 'टी' वर्गाचा चांगला फ्रिजही दुपारी मागे पडतो आणि रात्री भरून काढतो. म्हणून तिथे तापमान पहाटे मोजा आणि फ्रिज गॅसच्या शेगडीपासून, उन्हापासून लांब हलवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या पत्र्यावर दव दिसतं, ते हवेतल्या दमटपणामुळे. त्याचा थंडाव्याशी संबंध नाही.

हात कुठे आखडायचा

आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असतो. तो ज्वालाग्राही आहे. प्रमाण थोडं, बहुधा शंभर ग्रॅमच्याही आत, पाटीवर नेमकं वजन लिहिलेलं असतं. पण स्वयंपाकघरात शेगडी असते, आणि घरच्या सिलिंडरच्या गॅसला जसा मुद्दाम वास घातलेला असतो तसा याला नसतो. सुरी खुपसून बर्फ काढताना नळी फुटली, 'फुस्स' आवाज आला, तर काडी ओढू नका, स्विच चालू-बंद करू नका, खिडक्या-दारं उघडा आणि खोलीतून बाहेर व्हा.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक कितीही भरवशाचा असला तरी वॉरंटीतल्या नव्या फ्रिजची नळी त्याला कापू देऊ नका. एकदा बाहेरच्या माणसानं साखळी उघडली की कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

मुख्य स्विच वारंवार उडत असेल, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वरची कोणतीही तपासणी करत बसू नका. भिंतीवरचं बटण बंद करा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

घरात इन्सुलिन असेल तर तापमान मोजून खात्री होईपर्यंत ते नव्या फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. म्हणून खात्री झाल्यावरही ते फ्रीझरच्या डब्याला लागून किंवा मागच्या जाळीसमोर ठेवू नका. तोवर शेजाऱ्यांच्या चालू फ्रिजमध्ये ठेवा.

तक्रार करायची तर अशी

चोवीस तास झाले, डेमो मोड नाही, व्होल्टेज ठीक, जाळ्या मोकळ्या, तरी पेल्यातलं पाणी ८-१० अंशांच्या खाली येत नाही. आता फोन उचला. दुकानदाराशी बोलून थांबू नका, कंपनीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. ऑनलाइन घेतला असेल तर साइटवरही त्याच दिवशी लिहा, बदली मुदतीत मागितली की नाही हे तिथल्या नोंदीवरून ठरतं. "थंड होत नाही" एवढंच न सांगता असं सांगा: "मंगळवारी सकाळी दहाला चालू केला, रिकामा आहे, चोवीस तासांनी मधल्या ट्रेवर १६ अंश, कॉम्प्रेसर सलग चालू, बाजू गार." एवढं ऐकल्यावर टेक्निशियन तयारीनं येतो आणि "अजून दोन दिवस बघा" म्हणायला जागा उरत नाही. थर्मामीटरचा आकडा दिसेल असा फोटो, बिल आणि आतल्या पाटीवरचा मॉडेल व सीरियल नंबर यांचे फोटो एकत्र ठेवा.

टेक्निशियन आला की त्यानं काय तपासलं आणि काय आढळलं हे जॉब शीटवर लिहून घ्या. तोंडी "गॅस लीक आहे" म्हणून शीटवर "तपासणी केली" एवढंच लिहिलं जातं, ते चालवून घेऊ नका. पंखा, सेन्सर, स्विच असा सुटा भाग बदलायचा असेल तर खुशाल बदलू द्या, त्यानं फ्रिजचं काही बिघडत नाही. पण पहिल्याच आठवड्यात गॅसगळती किंवा कॉम्प्रेसर निकामी निघाला तर माझं स्पष्ट मत आहे की दुरुस्ती न स्वीकारता बदलीच मागावी. कारखान्यात निर्वात करून, मोजून भरलेली साखळी घरच्या ओट्याशेजारी कापून पुन्हा डाग देणं हे नाइलाजाचं काम आहे. नव्या फ्रिजच्या पैशांत ते कशाला घ्यायचं?

बदलीला नकार मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे पाठवली जाते, आणि बरीच प्रकरणं याच टप्प्यावर मिटतात. नाही मिटलं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो.

वॉरंटीचं कार्डही एकदा नीट वाचा. बहुतेक कंपन्या संपूर्ण फ्रिजला एक वर्ष आणि कॉम्प्रेसरला १० वर्षं अशी वॉरंटी देतात, पण त्या मोठ्या आकड्यात बऱ्याचदा फक्त कॉम्प्रेसर नावाचा भाग येतो. गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचे पैसे वेगळे लागू शकतात.

बदली फ्रिज दारात आला की टेम्पो जाण्याआधी पाठीमागच्या पत्र्यावर चेपल्याच्या खुणा आहेत का ते पाहा आणि नवा सीरियल नंबर डिलिव्हरीच्या कागदावर लिहून घ्या. कंपनीच्या नोंदीत जुनाच नंबर राहिला तर पुढच्या तक्रारीच्या वेळी "हा फ्रिज आमच्याकडे नोंदलेला नाही" हे ऐकावं लागतं, म्हणून हेल्पलाइनला फोन करून नव्या नंबरावर वॉरंटी त्याच आठवड्यात चढवून घ्या.